माझी केस मीच बोलणार होते

वकील करायचा की नाही, यावर लोणखेड्याच्या आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरवतानाही झाली नव्हती. भाऊ म्हणाला, "वकील कर वं ताई. कोर्टमा तुले काय समजाव शे?" वर्गात साठ पोरांना गप्प बसवणाऱ्या बाईला हे ऐकवतो! तरी त्याच्या समाधानासाठी शहाद्याला एका वकिलाकडे गेले. त्यांनी विचारलं, मारहाण? नाही. दारू? नाही. दुसरी बाई? तीही नाही. "मग घटस्फोट कशासाठी, मॅडम?" अकरा वर्षं एका माणसाशेजारी मी एकटीच राहिले, एवढं म्हणाले. आठवड्याने त्यांनी अर्ज वाचून दाखवला, तर त्यातली बाई रोज मार खात होती. मी घाबरून कागद परत केला. खोटं बोलून सुटायचं नव्हतं, आणि खरं नेमकं काय, ते माझं मलाच उमगत नव्हतं.

शेवटी मीच बोलायचं ठरवलं. घटस्फोटाला म्हसावदच्या सासरचा विरोध नव्हता. भांडण होतं ते आठ वर्षांच्या मुलीवरून. मला ती हवी होती, बाकी काही नाही मिळालं तरी चालणार होतं. नवऱ्याच्या वकिलांनी लिहून दिलं होतं की मुलगी वडिलांकडेच राहील. मी माझं उत्तर आरशासमोर उभं राहून पाठ केलं.

तारखेला पुकारा झाला. उठले, वळले, तर पहिल्याच बाकावर सासरे. हात आपोआप वर गेला आणि डोक्यावर पदर आला.

आमच्यात सून सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाही. सुरुवातीची वर्षं मी दाराच्या चौकटीला उद्देशून बोलायचे. मुलगी बोलायला लागली तशी सोय झाली. "आजाले सांग, चहा हुयना," असं मी तिला म्हणायचे आणि चहा झाल्याचं ती पळत जाऊन सांगायची. अकरा वर्षांत त्या माणसाशी मी एक वाक्यही थेट बोललेले नव्हते.

न्यायाधीश मॅडमनी दोनदा विचारलं, "मुलगी वडिलांकडे राहायला तुमची हरकत आहे का?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोरचे वकील लगेच म्हणाले, "हरकत दिसत नाही." मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं, पुढची तारीख दिली आणि वकील करा, असं सुचवलं.

घरी येऊन स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्या महिनाभरात मी तीनदा वकील ठरवला आणि तीनदा मोडला. वकील असता तर मुलीचं तरी कोणी बोललं असतं. पण मग बाकीचं, ते मार खाण्याचं, तेही त्यानेच बोललं असतं. काय करावं सुचेना, आणि सुचेना म्हणूनच मी पुन्हा एकटी गेले.

तोच बाक, तेच सासरे, तोच प्रश्न. मी पदर धरून गप्प. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात सासरे उठले. टोपी नीट केली आणि मुलाच्या वकिलांना म्हणाले, "मी आठे शे तवलोंग ती बोलाव नही." ते इथे असेपर्यंत मी बोलणार नाही, एवढंच सांगून कोणाच्या परवानगीची वाट न बघता ते बाहेर निघून गेले.

मॅडमनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "हरकत आहे. मुलगी मला हवी." पाठ केलेलं बाकीचं काही आठवलंच नाही.

पुढे मुलगी माझ्याकडे आली. नात शाळेतून येईपर्यंत जे जेवायचे नाहीत, त्यांनीच मला बोलायला जागा करून दिली होती, आणि उठताना नात घरातून जाणार हे त्यांना कळत असणार. त्या दिवशी मी कोर्टातून बाहेर आले तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून उभे होते. मला अवघडायला होऊ नये म्हणून, की त्यांचे डोळे मला दिसू नयेत म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मी न बोलताच रिक्षात बसले.