पाटील चालेल ती शीव

आमच्या गावाने पाटील निवडला तो मांड्या बघून. हे मी एकदा विहिरीवर बोलून गेले, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावला आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. झालं तर झालं. मी काही खोटं बोलले नव्हते.

मुलूख निजामाचा, आणि पाटीलकी वतनाची. बाप गेला की मुलगा, मुलगा नसला तर भाऊबंद, अशी ती एकाच घराच्या ओसरीवर फिरायची. तहसीलदार यायचा तो त्यावर शिक्का मारायला. मात्र हक्कदार दोन निघाले तर चार गावकऱ्यांना विचारायचं, एवढी रीत होती. म्हातारे पाटील वारले तेव्हा आमच्याकडे दोन निघाले. एक त्यांचा मुलगा. तो लहानपणापासून धारूरला मामाकडे, तालमीत वाढलेला. युसूफ वडगावच्या जत्रेत त्याने एका नावाजलेल्या पहिलवानाला आभाळ दाखवलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या गावाला बोलायला दुसरा विषय उरला नव्हता. दुसरा हक्कदार पाटलांचा पुतण्या. म्हाताऱ्यांच्या दुखण्यात सारावसुलीपासून चोऱ्यामाऱ्यांच्या तपासापर्यंत सगळं त्यानेच ओढलं होतं. मला तो माणूस मुळीच आवडत नसे. तोंडाचा फाटका, हाताचा चिकट, दुकानात आला की गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय जायचा नाही. पण काम कुणाला येतं असं विचाराल तर त्याला येत होतं.

चावडीसमोर तहसीलदार खुर्चीवर बसला. त्याने पहिलवानाकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काम येतं का?"

पहिलवान काही बोलायच्या आत गर्दीतून एक जण ओरडला, "साहेब, बापाचं नाव हाय की. आनखी काय पायजे?"

सगळे हसले. तहसीलदारही हसला. त्याला उन्हाच्या आत परत जायचं होतं. पुतण्या उभा राहून काहीतरी सांगत होता, पण त्याच्या मागे पोरंटोरं कुस्तीतल्यासारख्या मांड्या थोपटायला लागली होती. दुपारपर्यंत पहिलवानाला पाटीलकीचं पागोटं बांधून झालं. मी दुकानाच्या फळीवरून हे सारं बघितलं आणि मला किळस आली. बैल घेताना हेच लोक त्याला आधी चार तास चालवून बघतात.

आता मी यात एवढी का जळत होते, ते सांगते. आमचं वाण्याचं दुकान गावात आणि शेत गावच्या शिवेवर. घरात मी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. माझा नवरा पटकीच्या साथीत गेला होता. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, हातात इष्टलिंग देऊन, बसवून पुरतात. त्याला आमच्याच शेतात, दोन ओढे मिळतात त्याच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली बसवलं होतं. दर सोमवारी मी बेल घेऊन तिथे जायची. माझं म्हणावं असं ठिकाण जगात तेवढंच होतं.

आणि त्याच पट्ट्यावर शेजारच्या गावाने दरखास्त टाकली. ते गाव जहागिरीतलं, तिकडे मोजणी कधी पोचलीच नव्हती. दोन ओढ्यांमधली सारी जमीन, वरच्या कुरणासकट, आमची, असं त्यांचं म्हणणं. कचेरीतून हुकूम आला की जुन्या रीतीने शीव चालून दाखवा.

ती रीत अशी. शिवेवरच्या म्हसोबापुढे गावाच्या पाटलाने अंघोळ करायची, ओल्या धोतरानिशी डोक्यावर घोंगडी घ्यायची, घोंगडीवर शिवेची माती. मग अनवाणी निघायचं. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. तो जिथून जाईल तिथे मागून येणारे दगड रोवत जाणार. माती डोक्यावर असताना कुणी खोटं चालत नाही, अशी दोन्ही गावांची श्रद्धा. खोटं चालणार नाही हे मलाही पटत होतं. पण ज्याला वाटच ठाऊक नाही त्याचं काय, याचा विचार ही रीत घालणाऱ्यांनी केला नव्हता. त्यांच्या वेळी शीव माहीत नसलेला पाटील होत नसावा.

आमचा पाटील जन्मात शिवेवर गेला नव्हता. मी दोनदा निरोप धाडला की एकवार पुतण्याला बरोबर घेऊन फिरून या. उत्तर नाही आलं. शेवटी मीच वाड्यावर गेले. तो अंगाला तेल चोळून घेत होता.

"पाटील," मी म्हणाले, "म्हसोबापासून वर गेलं की दोन ओढे लागतात. शीव डाव्या अंगाच्या ओढ्यानं जाती. एकदा बघून तरी या."

"अक्का, तुमी कावून घाबरताव?" तो हसून म्हणाला. "पाटलाला शीव दाखवायची नसती. पाटील चालंल ती शीव."

तेल चोळणाऱ्यांनी वा वा केली. पुतण्याला न्यायचं नाव काढलं तर म्हणाला, त्याच्या मागनं चाललो तर लोक म्हनतील खरा पाटील कोन.

चालायच्या दिवशी दोन्ही गावं लोटली होती. कचेरीचा माणूस घोड्यावर. पहिलवान ओल्या धोतरात उभा राहिला तेव्हा खरंच देखणा दिसत होता, नाही म्हणत नाही. आमच्या बायका त्याच्याकडे बघून कानशिलावर बोटं मोडत होत्या. तो निघाला. चाल कशी, तर आखाड्यात उतरल्यासारखी, छाती काढून. मी आमच्या शेताच्या बांधावर, चिंचेखाली उभी होते.

ओढे मिळतात तिथे तो आला. उजव्या ओढ्याला पाणी कमी होतं, पायाखाली वाळू होती. डाव्या ओढ्यात काटे आणि धोंडे. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि उजवीकडे वळला.

मला वाटलं, आता कळेल, आता कळेल. पुतण्या गर्दीत होता. त्याने डोळे मिटून घेतले, पण तोंड उघडलं नाही. बहुधा त्याला गंमत वाटत असेल. मागून पहिला दगड रोवला गेला. मग दुसरा. मग मीच ओरडले. सगळं बळ लावून ओरडले, "पाटील, डावीकडं! डावीकडं शीव हाय!"

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला नीट दिसलं, त्याला कळलं होतं. चेहरा उतरला त्याचा. दोन पावलं बाजूला टाकून ओढा ओलांडला असता तर कोण त्याला फाशी देणार होतं? आमच्याच गावाने त्याला झेललं असतं. पण दोन गावांसमोर एका विधवा वाणिणीच्या सांगण्यावरून वळायचं, हे त्या मांड्यांना झेपलं नाही. त्याने छाती आणखी पुढे काढली आणि उजव्या ओढ्याने सरळ वर निघून गेला. माझं शेत, चिंच, समाधी, कुरण, सगळं त्याच्या डाव्या हाताला राहिलं, म्हणजे दुसऱ्या गावात.

वर पोचल्यावर त्याने माती खाली ठेवली आणि पहिलं वाक्य बोलला, "बाईनं टोकलं, रीत मोडली, म्हनून आसं झालं."

आणि गावाने ते मानलं. तो आधी वळला, मी नंतर ओरडले, हे शेकडो डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मानलं. संध्याकाळी माझ्या दुकानाच्या फळीवर कुणीतरी शेण फेकलं. कुरण गेलं म्हणून बायका मला बोल लावू लागल्या, आणि पाटलाच्या दारात त्याची समजूत घालायला रीघ लागली. मला त्या माणसांचा राग आजही जात नाही. पहिलवान मूर्ख होता, त्याला माफ करता येईल. यांना डोळे होते.

महिनाभर मी शेताकडे गेले नाही. मग एका सोमवारी बेल घेतला आणि निघाले. म्हटलं, हाकलतील तर हाकलोत. नव्या दगडांपाशी शेजारच्या गावचा पाटील उभा होता. पिकल्या मिशांचा, बुटका माणूस. मला बघून त्याने पायातल्या वहाणा काढल्या.

"या अक्का," तो म्हणाला. "समाधीवर यायला तुमाला कोन आडवतंय?"

मी बेल वाहिला. तो दूर उभा होता. जायला निघाले तेव्हा चाचरत जवळ आला.

"एक सांगू का? आमाला निस्तं कुरण पायजे होतं. दरखास्तीत मागायचं म्हनून समदं मागितलं. चालायच्या आदल्या दिशी मी तुमच्या पाटलाकडं मानूस धाडलता, की निम्मं कुरण द्या आन् मिटवू. तुमच्या शेताला हात लावायचा न्हवता. त्यानं मानूस परत धाडला. म्हनला, मी चालूनच दाखवतो."

मी तिथून थेट चावडीवर गेले. पाटील नव्हता, पण बाकी सगळे बसले होते, पुतण्यासुद्धा. मी उभ्या उभ्या ऐकलं ते सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. म्हटलं, आता तरी बोला. मग तहसीलदारासमोर बापाचं नाव सांगणारा तोच गडी तंबाखू मळता मळता म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं:

"म्हंजे निम्म्यावर ऐकला न्हाई म्हना की. लई मानी हाय, अक्का. बापावर गेलाय."