काचा लावल्यावर येणारी घूं

ती गाडी पहिल्यांदा आमच्या दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा ओळखीचं कुणी आल्यासारखा मी उठून उभा राहिलो. गाडी ओळखीची नव्हती. लाल, बुटकी, दोन दारांची, नाक जमिनीला टेकवून चालणारी. ओळखीची होती ती तिच्या पोटातली घूं.

आमच्या गावी, भंडाऱ्याकडे, घराच्या मागच्या भिंतीला लागून धानाची गिरणी होती. हंगामात ती दिवसभर चाले. तिचा आवाज कानातून यायचाच नाही. भिंतीतून, जमिनीतून, खाटेच्या पायांतून अंगात चढायचा. गडव्यातलं पाणी थरथरायचं. आई सांगते, गिरणी थांबली की मी रडायला लागायचो. आठवीनंतर शाळा सुटली, मग गावही सुटलं, आणि आता पुण्यात, वारज्याला, सायलेन्सरच्या दुकानात मी नळ्या कापतो, वाकवतो, जोडतो. दुकानाच्या मालकांना मी दादा म्हणतो. त्यांनी काम दिलं, दुकानावरची खोली दिली, आणि पहिल्यांदा वेल्डिंगला बसलो तेव्हा माझा हात कापत होता, तो त्यांनी आपल्या हातात धरून ठेवला. हात थांबल्यावर सोडला, एवढंच. त्यांच्या विश्वासाला आपण पुरे पडू की नाही ही धाकधूक तेव्हापासून आहे.

गाडीतून एक काका उतरले. निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. दुसऱ्या बाजूनं काकू उतरत होत्या, पण सीट इतकी खाली की आधी एक पाय बाहेर, मग दाराला धरून दुसरा.

"ही गाडी नाही, खड्डा आहे," त्या दादांना म्हणाल्या. "खड्ड्यात बसून खड्ड्यांतून जायचं. हौस म्हणतात याला."

काकांनी आयुष्यभर अशी गाडी घ्यायचं मनात ठेवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर जुनी का होईना, घेतली होती. राहायला ते नारायण पेठेत. तिथं ती ठेवायला जागा नाही म्हणून वारज्याला पुतण्याच्या सोसायटीत ठेवलेली. आधीच्या मालकानं मूळ सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला होता, आणि मूळचा कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. "हायवेला एका वेगाला लागली की आत घुमतं," काका म्हणाले. "मला चालतं. हिला त्यात काही ऐकू येत नाही."

तेव्हा माझं लक्ष गेलं. काकूंच्या दोन्ही कानांत यंत्रं होती.

"सगळं ऐकू येतं," काकू म्हणाल्या. "फक्त गाडीच ऐकू येते. आवाज गेला तर गाडी ठेवा, नाही तर विकून टाका. मला बस बरी."

काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. दादांनी किल्ली घेतली आणि माझ्या हातात दिली. "ही तू बघ."

आमच्या दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायची ती पाहुण्याच्या घरी बसावं तशी. सीटवर कागद टाकायचा, रेडिओला हात लावायचा नाही, एसी लावायचा नाही, आणि काचा खाली ठेवायच्या, म्हणजे आपल्या अंगाचा, तेलाचा, ग्रीसचा वास आत राहत नाही. दादांनी पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं होतं आणि मी ते देवाच्या पाया पडावं तितक्या नेमानं पाळत होतो.

तसाच काचा खाली करून मी ती गाडी बायपासला घेऊन गेलो. सकाळचं कोवळं ऊन होतं, टेकड्या धुरकट दिसत होत्या, वारा एका कानातून शिरून दुसऱ्यातून जात होता. वाऱ्याच्या खालून कुठून तरी ती घूं येत होती, बारीक, लांबची. मला ती त्रासाची वाटेचना. मांडीखाली सीट थरथरली की खाटेवर पडल्यासारखं वाटायचं, आणि डोळ्यांपुढं भुशाचे ढीग यायचे, उन्हात सोन्यासारखे. एकदा तर चांदणी चौकाचं वळण मागं निघून गेलं तेव्हा भानावर आलो.

परत येऊन मी गाडी लिफ्टवर घेतली. सायलेन्सर ज्या रबरांना टांगलेला असतो ती कडक झाली होती, बदलली. एके ठिकाणी नळी पत्र्याला घासत होती, ती सोडवली. डिकीत जाड मॅट चिकटवली. पुन्हा काचा खाली करून फिरलो. घूं आधीच बारीक होती, आता तर शोधावी लागली. मी दादांना सांगितलं, "गेला जी आवाज." काका आले, गल्लीतून हळू गाडी काढली, हात हलवला.

दोन-चार दिवसांत दोघं परत. काकू या वेळी उतरल्याही नाहीत. दार उघडं टाकून बसल्या बसल्या म्हणाल्या, "आवाज दुकानात ठेवून घेतला होतात का? आमच्या मागोमाग आला घरी. पत्ता विचारत आला असेल."

दादा माझ्याकडं बघत होते. काका हळूच म्हणाले, "नाही जमत तर राहू द्या. एक जण बघून गेलाय, घेतो म्हणतोय." ते सायलेन्सरकडं बघत नव्हते, स्टिअरिंगकडं बघत होते.

"जमेल जी," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते माहीत नाही.

"हे जी कुठलं?" काकूंनी विचारलं.

"आमच्याकडचं. भंडाऱ्याचं."

"मग जी, तुम्ही चालवा आणि मी बसते. कुठं घुमतंय ते मी दाखवते. ह्यांना विचाराल तर ह्यांना गाडीत सगळंच गोड वाटतं."

म्हणून काकूंना शेजारी बसवून मी निघालो. सीटवर कागद होताच. काचा खाली. सर्व्हिस रोडला एका टेम्पोनं धूळ उडवली, आणि काकूंनी पदर नाकाला लावला. "काचा वर घ्या की. काचा लावायचं वेगळं तिकीट घेणार आहात का माझ्याकडून?"

मी घुटमळलो. मग बटण दाबलं. दोन्ही काचा वर आल्या, वारा कापल्यासारखा थांबला, हायवेला गाडीनं वेग धरला, आणि ती आली. बारीक नाही, लांबची नाही. गाडीच्या आतल्या सगळ्या हवेनं एकदम श्वास धरावा आणि सोडूच नये तशी. छातीत, दातांत, डोळ्यांच्या मागं. पाण्याखाली गेल्यासारखं झालं. काकूंचे ओठ हलताना दिसत होते आणि मला, चांगल्या कानांच्या माणसाला, एक अक्षर कळत नव्हतं.

मी वेग कमी केला. घूं ओसरली.

"आलं लक्षात?" काकू म्हणाल्या.

"हो जी. आम्ही काचा उघड्या ठेवून बघत होतो."

त्या हसल्या नाहीत. कानातली यंत्रं काढून त्यांनी ती तळहातावर ठेवली. मग समोर बघत, स्वतःशी बोलावं तसं म्हणाल्या, "घरात हे बोलत नाहीत. पहिल्यापासून. जेवायला वाढू का म्हटलं तर मान हलवतात. पण गाडी चालवताना बोलतात. आमची जुनी गाडी होती, तिच्यात बसून जे ऐकलं तेवढंच मला ह्यांचं माहीत आहे. ऑफिसातलं, ह्यांच्या आईचं, सगळं. ह्या गाडीत पण बोलतात. मी नुसती हो हो करते. मागच्या महिन्यात मी अशीच कशाला तरी हो म्हणाले आणि घरी सोफा आला." थोड्या वेळानं म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं ऐकणं पण फार दिवस राहायचं नाही."

मी काही तरी उत्तर दिलं, पण यंत्रं त्यांच्या हातात होती.

दुकानात येऊन मी दादांना काचांचं सांगितलं. दादांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, आवाज आतला आणि आपण दारं उघडून शोधतोय. आणि शिकवलं कुणी? मीच!" ते इतके हसले की शेजारचा टायरवाला बघायला आला. मला मात्र त्या हसण्यानं रडू यायला लागलं होतं. हाकलून देणारा माणूस असा हसत नाही, एवढं मला कळत होतं.

मग दादांनी मला एक अशी गोष्ट सांगितली जी मी आजही पुरती समजून घेतलेली नाही, फक्त करतो. सायलेन्सरच्या नळीला मध्येच एक फाटा जोडायचा. त्या फाट्याचं तोंड उघडं, शेवट बंद. कुठंच न जाणारी नळी. घूं तिच्यात शिरते, टोकाशी आपटते आणि परत फिरते, आणि परत येताना मागून येणाऱ्या घूंला अशी भेटते की दोघी एकमेकींना पुसून टाकतात. फक्त नळीची लांबी त्या घूंच्या मापाची हवी. दादांनी काचा लावून मोबाइलवर घूं मोजली, हिशोबानं लांबी काढली, आणि म्हणाले, "थोडी जास्त ठेव. आत गरम असतं, हिशोब थोडा सरकतो. कापता येतं, वाढवता येत नाही."

ते काम मी स्वप्नात करावं तसं केलं. नळी गाडीच्या पोटाखाली वळवून आणली, टोकाला झाकण वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांनी नुसतं टाचून ठेवलं. फिरून आलो, काचा वर करून. घूं होती, पण जागा बदललेली, जराशा कमी वेगाला यायची. झाकण काढलं, बोटाच्या पेराएवढी नळी कापली, परत टाचलं, परत फिरलो. परत कापली. काचा बंद केल्या की मला घाम फुटायचा. सीटच्या कागदावर माझी पाठ उमटायची. प्रत्येक फेरीला ती घूं मला बोलवायची, डोळे जड करायची, आणि मी मोठ्यानं स्वतःशीच बडबडत राहायचो, माझाच आवाज मला कुठवर ऐकू येतो ते बघायला.

मग एका फेरीला बडबडता बडबडता मी थांबलो. वेग तोच, रस्ता तोच. इंजिन चालू असल्याचं कळत होतं, टायर डांबरावरून सरकत होते, आणि मध्ये एक रिकामी जागा होती, अंगणासारखी. तिथं काहीच नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण गावातून कुणी घर पाडून नेल्यासारखंही वाटलं, आणि मी गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ नुसता बसलो.

झाकण पक्कं वेल्ड केलं. दादांनी जोडावरून अंगठा फिरवला. "हं," म्हणाले.

काका-काकू आले तेव्हा दादा म्हणाले, "तूही जा मागं. ऐकून ये." मागची सीट नावालाच. गुडघे हनुवटीला लावून मी बसलो. काचा वर होत्या. बायपासला लागलो, वेग आला, तो घुमायचा वेग आला, गेलासुद्धा. मी श्वास धरून होतो. काका काहीच बोलत नव्हते. आवाज गेला होता आणि ते गप्प. मला भीती वाटली की मी मागं बसलोय म्हणून बोलत नसतील.

"अहो, बोला की," काकू म्हणाल्या.

"काय बोलू?"

"नेहमी काय बोलता ते."

काकांनी गिअर बदलला. घसा साफ केला. "मी म्हणत होतो," ते म्हणाले, अगदी हळू, रस्त्याकडं बघत, "तुझ्या बहिणीनं तिकडं मांजरी गावात फ्लॅट घेतलाय, तिथं आपणही बघू. पेठेत जिना आता तुला होत नाही. ऊस काढून नवीन इमारती झाल्यात, लिफ्ट आहे, हवा आहे. मागच्या महिन्यात मी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस. मी तिथल्या एजंटला तसं कळवलंय."

काकू एकदम त्यांच्याकडं वळल्या.

"मी? मी हो म्हणाले? मांजरीला? अजिबात नाही! आज उतरल्या उतरल्या फोन करा त्याला. जिना मला होत नाही म्हणे. तुम्हालाच होत नाही, मधल्या पायरीवर उभे राहून पेपर वाचल्याचं नाटक करता!"

काका बोलायला लागले, काकूंनी मध्येच तोडलं, त्यांनी परत सुरू केलं. जिना, बहीण, सोफा. दोघांचे आवाज चढत गेले, आणि कुणालाही काही दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. मी मागं गुडघ्यांत तोंड घालून बसलो होतो. पुढच्या पुलापाशी म्हणालो, "काका, मला इथंच सोडता का जी? मी जाईन चालत."

त्यांनी गाडी थांबवली, पण बोलणं थांबवलं नाही. मी पुढची सीट वाकवून कसाबसा बाहेर आलो, दार लावलं. काचेआड काकूंचा हात हवेत चालला होता. गाडी निघाली, आणि परत वारज्याकडं वळायच्या ऐवजी सरळ पुढं गेली.