गोरव्याला ठेवलेलं प्रस्थान

परतीचं तिकीट आधी ठरवायचं आणि जाण्याचं नंतर, ही माझी पद्धत सगळ्यांना उफराटी वाटली. पण व्हिसा देणाऱ्यांना तुम्ही कसे जाणार यात फारसा रस नसतो. तुम्ही परत येणार का, आणि कशासाठी येणार, हे त्यांना हवं असतं. माझं उत्तर सोपं होतं. निजामपुऱ्यातल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी दोघीच राहतो. ती नव्वदीकडे झुकलेली, मी बिनलग्नाची (त्याची चौकशी सोसायटीत अजून चालू आहे), आणि भाऊ पुण्याला. अर्जासोबतच्या पत्रात मी लिहिलं की घरी म्हातारी आई आहे, माझ्यावाचून तिचं चालत नाही, तेव्हा मी परत येणारच. अहमदाबादच्या खिडकीवरच्या मुलीनं ते वाचून समजूतदारपणे मान डोलावली.

जायचं होतं स्पेनला. फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातून निघून थेट पश्चिमेला सांतियागोपर्यंत चालत जायचं, अशी एक जुनी ख्रिस्ती यात्रा आहे. मी ख्रिस्ती नाही, आणि आपल्या देवांनाही मी फारसा त्रास देत नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पिरेनीज पर्वत काढताना खडू झिजवले आणि प्रत्यक्षात चढले म्हणाल तर पावागड. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं, एकदा तरी तो नकाशा पायाखाली घालायचा.

पण चालायला जाणं सोपं, त्याचं नियोजन करताना नाकी नऊ येतात. किती दिवसांत पोचणार हे पाय ठरवणार, आणि परतीची तारीख विमानवाल्यांना आजच हवी. मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसायची आणि मुक्काम मोठ्यानं वाचून दाखवायची. समोर आई पापडी सोलत ऐकायची. इथे डोंगर उतरायचा, इथे द्राक्षांचे मळे, इथे नुसतं सपाट माळरान. पाय मुरगळला तर म्हणून शेवटी काही दिवस राखीव ठेवले होते. ते मात्र मी मोठ्यानं वाचले नाहीत.

सराव म्हणून पाठीवर बॅग घेऊन मी निजामपुऱ्यातून शहराच्या दुसऱ्या भागात, गोरव्याला, चालत जायची. तिथे माझी शाळेतली मैत्रीण राहते, गुजराती, गणित शिकवायची. बॅगेत वजनासाठी तांदळाच्या पिशव्या. रिक्षावाले हळू करून "क्यां जवुं छे, बा?" विचारायचे आणि मी चालतच जाणार म्हटल्यावर माझ्या डोक्याकडे संशयानं बघायचे. मैत्रिणीकडे चहा घ्यायचा, तिची बोलणी खायची आणि परत फिरायचं.

सगळं जुळलं, मी नसताना भाऊ येऊन राहणार हेही ठरलं, तेव्हा आईनं विचारलं, "विमान कुठल्या वारी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी पश्चिमेला जाऊ नये."

मी हात टेकले. ज्या बाईनं मला शाळेत घातलं, सायकल शिकवली, ती आता दिशाशूल सांगत होती. वार बदलायचा तर पुढची सगळी विमानं आणि गाड्या बदलणं आलं. मी चिडले. आई शांतपणे म्हणाली, "मग प्रस्थान ठेव."

माझे वडील सरकारी कामानं फिरतीवर असायचे, तेव्हा आमच्याकडे हे चालायचं. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीच्या चांगल्या दिवशी आपलं एखादं वस्त्र, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. मग तुम्ही त्याच दिवशी निघालात असं धरतात. खरोखर निघताना ते गाठोडं वाटेत उचलायचं आणि पुढे जायचं. आईचं मन राखायला काय जातं, असं मी म्हटलं. गोरवा आमच्या पश्चिमेलाच होता.

आईनं सगळं रीतसर केलं. माझी जुनी ओढणी घेतली, तिच्यात तांदूळ-सुपारी घातली आणि स्वतःच्या लुगड्याच्या हिरव्या काठाची पट्टी फाडून गाठोडं बांधलं. माझ्या हातावर दही घातलं. दारात उभी राहून म्हणाली, "मागे वळून बघू नकोस." तिचे डोळे भरून आले होते. मी गोरव्याला गेले, मैत्रिणीच्या देवघराखालच्या फळीवर गाठोडं ठेवलं, ती हसली, आम्ही चहा प्यायलो. आणि संध्याकाळी मी नेहमीसारखी घरी आले. प्रस्थान ठेवल्यावर घरी मुक्कामाला येऊ नये, असं जुनी माणसं म्हणत. पण विमानाला अजून कितीतरी अवकाश होता, आणि रात्रीचा स्वयंपाक कोण करणार?

लॅच उघडून आत गेले. आई खुर्चीत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "या. कोण हवंय आपल्याला? माझी मुलगी घरी नाही. ती स्पेनला गेली."

मी हसले. ती हसली नाही. "बसा ना," म्हणाली.

जन्मात मला कधी अहो-जाहो न केलेल्या माणसाच्या तोंडून मी ते ऐकलं. झोपून उठली की ठीक होईल, असं धरून चालले. सकाळी तिनं दूधवाल्याला ओळखलं, शेजारणीच्या नातवाची परीक्षा कशी झाली विचारलं, फोनवर भावाचा आवाज पहिल्या शब्दाला ओळखला. त्याला म्हणाली, "ताई गेली रे. इथे एक बाई आहेत, चांगल्या आहेत." डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. फक्त माझ्याच बाबतीत का होतं, ते त्यांना सांगता आलं नाही.

ती माझ्या हातचं जेवायची आणि "तुम्हाला त्रास" म्हणायची. मी तिचे केस विंचरले तर अवघडून बसायची. मी आरडाओरडा केला, जुने फोटो दाखवले, एकदा तर रागानं माझं आधारकार्ड तिच्यापुढे आपटलं. तिनं ते नीट पाहिलं आणि म्हणाली, "हो, हीच माझी मुलगी. तुमच्याकडे कसं आलं?"

दिवेलागणीला ती मला जवळ बसवून मुलीची खबर सांगायची. आज डोंगर उतरली. आज मळे लागले. यात नवल नव्हतं, मुक्काम मीच वाचून दाखवले होते. पण एका संध्याकाळी म्हणाली, "डाव्या बुटाची नाडी तुटली तिची. माझ्या लुगड्याच्या काठानं बांधलीय. चालेल तेवढ्यावर."

मी उठून बुटांच्या कपाटाशी गेले. माझ्या बुटांच्या नाड्या धड होत्या. स्वतःला वेडी म्हणत परत आले.

दुसऱ्या दिवशी गोरव्याहून मैत्रिणीचा फोन आला. गाठोडं सुटून तांदूळ फळीवर सांडले होते. हिरवी पट्टी कुठे सापडत नव्हती, उंदरानं नेली असेल म्हणाली. तिनं साध्या सुतळीनं पुन्हा बांधून ठेवलं होतं. मग तिनं मला झापलं, "ने सवारे ओटला पर बेठी'ती, तो अंदर केम ना आवी? हुं चा मूकीने आवी त्यां तो तुं जती रही!" सकाळी मी तिच्या ओट्यावर बसले होते म्हणे, पाठीवर बॅग, पाय लांब केलेले. चहा ठेवून ती बाहेर येईपर्यंत निघून गेले.

मी त्या सकाळी घराबाहेर पडले नव्हते. तिची नजर अधू आहे, चष्मा ती लावत नाही, हे सगळं मला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी आईला सरळच विचारलं, "तुमची मुलगी परत कधी येणार?"

"नाही येणार," आई म्हणाली. "तिला यायचंच नाहीये. त्या शेवटच्या दिवसांत ती समुद्राकडे जाणार आहे. तिथून कोण परत येतं?"

सांतियागोच्या पुढे, जिथे जमीन संपते तिथवर चालत जाता येतं. पाय मुरगळण्यासाठी म्हणून ठेवलेले राखीव दिवस मी मनात त्याच समुद्रासाठी ठेवले होते. हे मी कुणाला बोलले नव्हते. आईचं औषध, आईचं पथ्य, आईची अंघोळ यांच्यापासून लांब, जिथे कुणी हाक मारणार नाही अशा जागी थोडं जास्त राहायचं होतं मला. त्यात काय चुकलं, असं मला अजूनही वाटतं. पण त्या क्षणी आईसमोर बसवेना. उठून स्वयंपाकघरात गेले आणि रडले.

भाऊ म्हणाला, सगळं रद्द कर. मी म्हटलं, नुसतं रद्द करून भागायचं नाही, आधी मला स्वतःला परत आणायला पाहिजे. बहुतेक त्याला वाटलं आता दोघीही कामातून गेल्या.

मी बूट घातले, बॅग भरली आणि भर दुपारी गोरव्याला गेले. मैत्रिणीनं गाठोडं माझ्या हातात दिलं. ते मी ठेवलं होतं त्यापेक्षा जड वाटलं, पण दुपारच्या उन्हात सगळंच जड वाटतं. परत चालताना मागे वळून पाहिलं नाही. मागून पावलं वाजत होती, ते माझ्याच बॅगेचं बकल वाजत असावं. घरी आले, किल्ली खिशात होती तरी बेल वाजवली.

आई वॉकर टेकत टेकत आली. दार उघडलं. माझ्या धुळीच्या बुटांपासून वरपर्यंत बघत राहिली.

"थांब," म्हणाली. "तशीच आत येऊ नकोस."

आत गेली, फार वेळानं आली. एका हातात भाकरीचा तुकडा, वॉकरच्या दांडीला अडकवलेला पाण्याचा तांब्या. माझ्यावरून तुकडा ओवाळून बाहेर टाकला, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. "किती वाळलीस गं," म्हणाली. "चल आत."

ते 'गं' ऐकून मी दारातच बसकण मारली.

संध्याकाळी ती माझा हात सोडेना. म्हणाली, "तू नव्हतीस ना, तेव्हा इथे एक बाई होती. अगदी तुझ्यासारखी. माझं सगळं करायची बिचारी. पण मी तिला ओळख दाखवली नाही."

"का गं?"

"दाखवली असती तर ती इथेच राहिली असती. मग तू कुठे आली असतीस?"

मी गेले नाही. गेले तर परत येईन तेव्हा दारात कोण असेल आणि कुणाला ओळखेल, याची मला भीती वाटली. शुक्रवारी विमानाच्या वेळेला आम्ही दोघी जेवत होतो. आईनं एका वाटीत दही काढून दाराबाहेर ठेवायला सांगितलं. "ती बाई आज निघेल," म्हणाली. मी ठेवलं. सकाळी वाटी लख्ख होती. सोसायटीत मांजर आहे, मला माहीत आहे.

तेव्हापासून आई मला 'अगं' म्हणते, माझ्यावर चिडते, भाजीत मीठ कमी म्हणून सुनावते. सगळं पूर्वीसारखं आहे. फक्त दिवेलागणीला आता मीच तिच्याजवळ जाऊन बसते आणि विचारते, "कुठवर पोचली गं ती?" आई डोळे मिटून सांगते. माळरान संपलं. पाऊस लागला. समुद्राचा वास यायला लागलाय.

परतीची तारीख जवळ आली आहे. ती मीच ठरवली होती, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. त्या दिवशी बेल वाजली तर दार उघडायचं नाही, असं आईनं मला बजावलं आहे. मी हो म्हटलंय. पण त्या दिवशी भाकरी मात्र मी करणार आहे.