नसलेल्या मोबाईलचं बिल

दोन हजार पाचचा जून. पुलगावच्या बँकेत लोनच्या टेबलासमोर बसलो होतो. साहेब कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "सर, तुमच्या नावावर मोबाईलचं बिल थकलंय. थकबाकीदारांत नाव दाखवतंय. असं असलं की लोन नाही होत."

मी हसलो. खरंच हसलो हो... कारण माझ्याकडे मोबाईलच नव्हता!

साहेब मात्र हसले नाहीत. मी शाळेत मास्तर, राहायला नाचणगावला. माझ्या मुलीचा, रेणूचा, नागपूरला बी.फार्मसीला नंबर लागला होता आणि फीची शेवटची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. लोन नाही तर अ‍ॅडमिशन नाही, इतकं सरळ होतं.

मोबाईल सोडा, आमच्या घरी साधा फोनही नव्हता. शेजारच्या कुसुमकाकूंचा लँडलाईन, तोच आमचा पी.पी. नंबर. लोनच्या अर्जावरही तोच दिलेला, त्यामुळे बँकेचे फोनही तिथेच यायचे. आजच्या पोरांसाठी सांगतो... शेजाऱ्याचा नंबर बिनधास्त आपला म्हणून द्यायचा. फोन आला की शेजारी हाक मारणार, आपण धावत जायचं.

काकू कंपाउंडच्या भिंतीवरून हाक द्यायच्या, "ओ सर, फोन आला जी तुमचा!" मला फोन आला हे माझ्याआधी अर्ध्या गावाला कळायचं.

तर त्याच काकूंच्या फोनवरून मी मोबाईल कंपनीला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात विचारणा, "सर, अपना मोबाईल नंबर बताइए." म्हटलं, बाई, माझ्याकडे मोबाईल नाही, हीच तर तक्रार आहे! तर म्हणे, नंबराशिवाय तक्रार लिहून घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा टाकून वर्ध्याला त्यांच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या टाय लावलेल्या मुलाने शांतपणे सांगितलं की तुमच्याकडे मोबाईल नाही, याचं प्रूफ आणा. आता जी वस्तू नाही तिचं प्रूफ कुठून आणतात भाऊ? दुकानात जाऊन म्हणू का, मी तुमच्याकडून काही घेतलं नाही त्याची पावती द्या?

डोकं पार भंजाळून गेलं. रेशनकार्डाची झेरॉक्स आपण गॅसवाल्यापासून सगळ्यांना देत फिरतो, त्यातलीच कोणीतरी वापरली का... की मीच कुठे सही करून बसलो आणि विसरलो? वर्गात फळ्यावर गणित लिहितानाही तोच विचार. एकदा तर चक्क कपाटात मोबाईल शोधला.

बायकोने तर कमालच केली. रात्री निवांत भात वाढला, वरण वाढलं आणि मग विचारलं, "खरं सांगा, कोणाले घेऊन देला का मोबाईल?" मी हातातला घास परत ताटात ठेवला.

नागपूरसाठी भरलेली बॅग रेणूने गुपचूप परत कोपऱ्यात नेऊन ठेवली. ते बघून मला फार लागलं. बापाने काही केलं नसताना बापामुळेच पोरीचं शिक्षण अडलं होतं.

सगळे फोन काकूंच्या बैठकीतून झालेले, त्यामुळे काकूंना इत्थंभूत ठाऊक. सकाळी बघतो तर ठेवणीतलं लुगडं नेसून फाटकात उभ्या. "चला जी बँकेत, म्या पाह्यते त्या सायबाकडे." नाही म्हणायची माझी काय बिशाद? स्कूटरवर मागे बसल्या आणि पुलगाव येईपर्यंत माझा खांदा घट्ट धरून होत्या.

बँकेत शिरल्या त्या थेट साहेबांच्या टेबलापाशी. "सायेब, तुमी या सरले फोन करता, तो उचलते कोण?"

साहेब गोंधळले. मग आवाज ओळखून म्हणाले, "आजी, तुम्हीच!"

"मंग? याच्याजवळ मोबाईल असता तं मी काऊन भिंतीपाशी कोकलत राह्यली असती? घसा बसला माहा इतक्या वर्सांत!"

सगळी बँक हसली. साहेबही हसले... आणि मग हसता हसता थांबले. म्हणाले, "खरं आहे सर. दर वेळी मी फोन कानाला लावून बसायचो, आणि तुम्ही चपला फटफटवत पळत येताय हे मला इकडे ऐकू यायचं."

त्यांनी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन शब्द टाकला, अर्जावर स्वतःच्या सहीने शेरा मारला आणि लोन पास झालं. कंपनीलाही बँकेकडून खरमरीत पत्र गेलं की कनेक्शनवरची या माणसाची सही दाखवा. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं, आपल्या नावे कोणतीही बाकी नाही. बस. सॉरीबिरी काही नाही. तो मोबाईल कोणाचा होता, कोण त्यावर इतकं बोललं, देव जाणे... मला आजतागायत कळलेलं नाही.

रेणूने मात्र नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मला मोबाईल आणून दिला. अंगणात उभा राहून पहिला फोन काकूंनाच लावला. मुद्दाम नाव सांगितलं नाही. ऐटीत म्हटलं, "हॅलो, काकू..."

"थांबा जी, बलावते," काकू म्हणाल्या. रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा खट्ट आवाज आला. आणि भिंतीपलीकडून तीच हाक, "ओ सर, फोन आला जी तुमचा!"

माझे डोळे भरून आले. मोबाईल तसाच चालू ठेवून खिशात टाकला, पायात चपला सरकवल्या आणि ओरडलो, "आलो, काकू!"