सगळेच घरचे

त्या सकाळी फोन वाजत नव्हता अन् तेच मला खात होतं.

जालन्याच्या एमआयडीसीतली बियाण्याची कंपनी. कपाशीच्या बुकिंगचा पहिला दिवस. तालुक्या-तालुक्यातले कृषी केंद्रवाले मी बनवलेल्या वेबसाइटवर आपापला पासवर्ड टाकून मागणी नोंदवणार. दरसाली ह्या दिवशी फोनला उसंत नसायची. "साहेब, पासवर्ड इसरलो!" आज सगळं गपगार. मी खुर्चीवरून उठून राह्यलो, बसून राह्यलो, उगंच पाणी पिऊन येऊन राह्यलो. "अंगात वारं शिरलं का तुमच्या?" हिशोब बघणाऱ्या बाई वैतागल्या.

शिरणार न्हाई तर काय! वडील गेल्यावर पुण्याची नोकरी सोडून मी जालन्यात, मस्तगडला आईजवळ आल्तो. ती घर सोडून यायला बिलकुल तयार नव्हती. अन् माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याला जालन्यात दुसरं काम कोण देणार होतं? हे गेलं की पुन्हा पुणं, अन् आई एकटी.

तोपर्यंत वेबसाइटचं मशीन सरळ इंटरनेटला जोडलेलं होतं. कुणीतरी रिकामटेकडा बाहेरून सारखा खुडबुड करायचा. म्हणून मी त्याच्यापुढं दुसरं मशीन बसवलं. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. बाहेरच्यानं त्याच्याशीच बोलायचं, तेही कुलूपबंद, मधे कुणाला वाचता येणार न्हाई असं. निरोप घेऊन तेच आत जाणार, उत्तर आणून देणार. आमचा वॉचमन पाव्हण्याला गेटवर थांबवून चिठ्ठी आत न्यायचा, तसंच. आदल्या दिवशीच ते चालू केलं अन् मीच माझी पाठ थोपटून घेतली.

आता इथंच घोडं पेंड खातं. शेठजींना पासवर्डचा भारी राग. "माझ्याच घरात शिरायला मी कडी वाजवू का रे?" म्हणून पहिल्यापासून वेबसाइटमध्ये एक सोय होती. ऑफिसातल्या मशीनवरून कुणी आलं की तो 'घरचा'. घरच्याला पासवर्ड न्हाई, अन् कुणाला किती माल द्यायचा ठरलाय ते सगळं त्याला दिसणार. घरचा कोण, हे नेटवर्कच्या पत्त्यावरून ठरायचं.

शेवटी फोन वाजला. जाफराबादचे दुकानदार. आईच्या माहेरचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. मी पुणं सोडून आलो तवा सगळ्यात जास्त खूश तेच झाल्ते.

"भाच्या, लई बेस केलं बघ! पासवर्डची कटकटच मिटवली. बटन दाबलं की थेट आत!"

माझी पाचावर धारण बसली. पुढं बसवलेलं मशीन ऑफिसातलंच. बाहेरचा जो तो त्याच्याच पत्त्यानं आत येऊन राह्यल्ता. परतूरचा, अंबडचा, भोकरदनचा, सगळेच घरचे! सुरक्षा वाढवायला गेलो अन् हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

"मामा, आत काय काय दिसलं तुम्हाला?"

"तुमच्या शेठचा साडू माह्या समोरच दुकान लावून बसलाय. त्याला किती माल द्यायचा ठरलाय ते दिसलं. मला किती तेबी दिसलं. शेठ मला म्हणले होते, वाण कमी आलाय, सगळ्यांना सारखं देऊ."

मी वायरच उपटली. इलाज तसा सोपा होता. येणाऱ्याचा खरा पत्ता पुढच्या मशीननं सोबत धाडायचा अन् आतल्यानं तोच बघायचा. ते केलं, तपासलं, पुन्हा चालू केलं. पण ज्यांनी पाह्यलं त्यांच्या डोळ्यातून ते कसं काढणार? कुणी कुणी पाह्यलं तेही कळायला मार्ग नव्हता. नोंदीत सगळ्यांपुढं तो एकच पत्ता.

दुपारी गेटवर दुकानदारांच्या जीपा येऊन थांबल्या. शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता हा माणूस फाडून खातो. पण त्यांनी पाणी दिलं.

"बाहेर जा अन् सांग, मशीन बिघडलं होतं. आकडे खोटे होते. बस्स, एवढंच." मंग आवाज उतरवून म्हणले, "तुझी चूक मी पोटात घालतो. तू माझी घाल. तुला आईजवळच राह्यचंय ना?"

खरं सांगतो, ते मायेनं बोलले, म्हणून जास्त राग आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गेटपर्यंत मी ते वाक्य घोकत गेलो. मशीन बिघडलं होतं. मशीन बिघडलं होतं. अरे, मशीन सोडून सगळंच बिघडलं होतं की!

गेटवर मामा सगळ्यांत पुढं उभे. बाकीचे कलकलाट करून राह्यल्ते. मामांनी हात वर करून त्यांना गप केलं.

"भाच्या, तू बनवलंय, तूच सांग. आकडे खरे का खोटे?"

"खरे हायत, मामा."

झालं. सगळी गर्दी मला ढकलून आरडाओरडा करत ऑफिसाकडं धावली. मामा तेवढे जागचे हलले न्हाईत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणले, "अन् आता माह्या बहिणीजवळ कोण राह्यल रे?"