सातपुड्यातली मोहाची

नवरा गेल्यावर वर्षभराने मला त्याच्याच हिवताप खात्यात, धुळ्याला, लिपिकाची नोकरी मिळाली. लोक म्हणाले, नशीब. मीही म्हटलं, नशीब. त्या वर्षी समोरचा जे म्हणेल तेच मी परत म्हणायचे, तेवढंच जमत होतं.

मी रडले नव्हते. सासरच्या बाया माझ्या डोळ्यांकडे टक लावून बसल्या आणि शेवटी कंटाळून आपापल्या गावी गेल्या. त्यांना काय सांगणार? त्याआधी चार वर्षं आमची आठ महिन्यांची मुलगी तापाने गेली, तेव्हा हे रडले नव्हते. तिसऱ्या दिवशी रक्ताचे नमुने घ्यायच्या काचांची पेटी उचलून सातपुड्यात ड्युटीवर गेले. पुन्हा घरात तिचं नाव काढलं नाही. मी एकदा विचारलं, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? यांनी भाकरी मोडली आणि चटणी मागितली. ते मी माफ केलं नाही. हे गेले तरी केलं नाही.

आम्ही अमळनेरकडचे बौद्ध. वडलांनी दीक्षा घेतली तेव्हाच श्राद्ध, पिंड, कावळ्याचा घास सगळं सुटलं, आणि सुटलं ते बरंच झालं. रोज संध्याकाळी वंदना आणि पंचशील. पाचवं शील दारूचं. वडलांनी वस्तीतले बुडालेले संसार पाहिले होते, म्हणून त्या शीलाला आमच्याकडे आवाज चढायचा. लग्नानंतर हेही ते खणखणीत म्हणायचे.

त्याच वर्षी पावसाळा सरताना सातपुड्यात अक्राणीकडे तापाची साथ आली आणि नोंदी लिहायला मलाही पाठवलं. सोबत खात्यातले जुने शिपाई होते. सगळे त्यांना आबा म्हणत, आणि ते यांना भाऊ म्हणत. यांच्याबरोबर ते वर्षानुवर्षं हेच डोंगर चढले होते आणि त्यांना पावरा लोकांची बोली येत होती.

एका पाड्यावर सगळ्यांची बोटं टोचून झाल्यावर एका म्हातारीने आम्हाला ओसरीवर बसवलं. आधी गोळ्या कडू आहेत म्हणून आबांना झापलं, मग एक बाटली आणली. आत नुसतं पाणी दिसत होतं, तेही आमच्या नळाच्या पाण्याहून नितळ.

"मोहनी शे," आबा आपल्या अहिराणीत म्हणाले. "नुसती फुलंसनी. गूळ नई, नवसागर नई. दोन कप चहाना पैसास्मा बाटली."

मोहाची म्हणजे गावठी दारू, आणि गावठी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. स्टँडमागच्या गुत्त्याचा आंबूस दर्प आणि गटारीकाठची माणसं. आमचे साहेबलोक इंग्लिश घेत आणि डोंगरातल्या दारूला नाकं मुरडत. म्हातारीने पळसाच्या द्रोणात ओतली तेव्हा वास आला तो मनुकांचा, थोडा धुराचा. तिने घोटभर चुलीत फेकली, निळी ज्योत उठली. चांगली आहे याचा तो पुरावा. पुढे कोणत्या पाड्याची तिखट, कोणत्या पाड्याची गोड हेही मला कळायला लागलं. मी हे लिहायला बसले आहे तेव्हा वडील हयात नाहीत हे एका परीने बरंच.

म्हातारीने प्यायच्या आधी जमिनीवर चार थेंब टाकले. आपल्या मेलेल्यांना आधी द्यायचं, ही त्यांची रीत. मी कोणाची कोण आणि हे गेले, ते आबांनी तिला तिच्या बोलीत सांगितलं, तेव्हा माझ्याकडे बोट करून तिने त्यांना काहीतरी विचारलं. मी आबांकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

"ताई, ती इचारस, तुम्ही पोरीना थेंब टाकशात का? भाऊ दर खेपले टाकेत."

"कोणत्या पोरीचे?"

"तुमनी पोरीना. भाऊ पेयेत नई. थेंब टाकेत, तिनं नाव लेयेत, द्रोण परत देयेत. मंग आठेच बसी रडेत."

मला बरं वाटायला हवं होतं. राग आला. हे गेल्यापासून मला पहिल्यांदा काही वाटलं असेल तर तो हा राग. चार वर्षं एका छपराखाली राहिलो आणि रडायला या माणसाला डोंगर चढावा लागला! परक्या म्हातारीला पोरीचं नाव पाठ, आणि मी समजून चालले होते की हे विसरले.

"आते भाऊना बी टाका, म्हनस," आबा हळूच म्हणाले.

"त्यांचे तिलाच टाकू द्या. मी पोरीचे टाकते."

टाकले. नाव घेतलं. पाच वर्षांत ते माझ्या तोंडून निघालं नव्हतं. उरलेली सगळी पिऊन टाकली. गोडसर होती, घसा जळला नाही. पाचवं शील मोडलं ते मी, यांनी नाही. डोळे कोरडेच होते.

मग म्हातारीने यांचे थेंब टाकले. यांचं नाव तिला माहीतच नव्हतं. तिने आमच्या पोरीचं नाव घेतलं आणि पुढे म्हणाली, तिचा बाप. आमच्या घरात यांना असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.