मेलेला हिरो मोटरसायकलवर

हसणार नसाल तरच सांगतो. म्हणजे हसालच, पण निदान चहा तोंडात असताना नको.

तेव्हा मी अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमएस करत होतो. आमच्या लॅबमधल्या लाहोरच्या साजिदने कॅम्पसवर एका उर्दू सिनेमाचा शो ठेवला. प्रेमकहाणी, पण सूफी वळणाची. सुरुवातीला कुणीतरी दोन शब्द बोलायला हवे होते. मुक्ता येणार असं कळलं आणि माझा हात आपोआप वर गेला. मुक्ता म्हणजे पुण्याची, बायोलॉजीवाली, सेमिस्टरभर मला फक्त ‘हाय’ म्हणणारी. तिला कॉफीला विचारायचं तर आधी आपण कुणीतरी आहोत हे दिसायला नको का?

साजिदने तयारीसाठी डीव्हीडीची डबी दिली. उघडली की डावीकडे एक डिस्क, उजवीकडे एक. दोन्हींवर उर्दूत काहीतरी खरडलेलं. आपण काय करणार? डावीकडची आधी लावली.

त्यात हिरो फकीर होऊन भटकला आणि शेवटी दर्ग्याच्या पायरीवर मेला. हिरॉइन रडली, कव्वाली झाली, पडद्यावर नावं सरकली. मग दुसरी डिस्क लावली. तर हिरो गुळगुळीत दाढी करून मोटरसायकलवर हजर, आणि त्याच हिरॉइनला विचारतोय, "आपका नाम?"

"अबे, हा तर मेला होता ना?" माझा नागपूरचा रूममेट मन्या म्हणाला.

"सूफी आहे, मन्या. डोकं बाजूला ठेवून बघ."

डोकं मीही बाजूलाच ठेवलं होतं. सिनेमा संपला तोही कसा, तर हिरॉइन दार उघडायला उठते आणि पडदा काळा. दारात कोण, पत्ता नाही. मला काडीचं कळलं नाही. पण न कळण्यातच सूफीपणा असणार, असं ठरवून मी भाषण लिहून काढलं.

शोच्या दिवशी इंग्लिशमध्ये ठणकावून सांगितलं, "या कथेत आधी मरण, मग विरह, आणि सगळ्यात शेवटी ओळख. हिरो दर्ग्याच्या पायरीवर प्राण सोडतो, तिथून प्रेम सुरू होतं." टाळ्या पडल्या. मुक्ता चक्क पुढे वाकून ऐकत होती.

सिनेमा सुरू झाला. मोटरसायकल. "आपका नाम?"

मी साजिदच्या कानाशी लागलो. "अरे यार, तुमने दूसरी डिस्क पहले लगा दी."

त्याने कपाळाला हात लावला. "भाई, उर्दू दाएँ से शुरू होती है. डब्बा भी दाएँ से."

म्हणजे हॉलभर लोकांना मी शेवट सांगून मोकळा झालो होतो. हिरो कधी मरतो याची वाट बघत सगळे बसून राहिले. त्याने पायरीवर डोकं टेकवलं तेव्हा मागून एक अमेरिकन मुलगी म्हणाली, "फायनली." बाहेर पडताना एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी माझा हात दाबला. "व्हेरी डीप." तो टोमणा होता की कौतुक, मला आजतागायत कळलेलं नाही.

बसस्टॉपवर मुक्ता एकटी उभी होती. जीव मुठीत धरून विचारलं, "कॉफी?"

ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या हिशोबाने आधी विरह आणि मग ओळख ना? मग विरहापासून सुरू करू." आणि बसमध्ये चढली.

मी उड्या मारत घरी आलो. मन्याला म्हटलं, "जमलं रे. ओळख होणार आहे, फक्त थोडं थांबायचंय."

मन्याने हातातलं पुस्तक मिटलं. "अबे," तो म्हणाला, "ती नाही म्हणाली."